हरलेल्याच्या हातचं कडं

फेब्रुवारी लागला की आमच्याकडच्या बाभळींना कापूस लागतो. माझ्या वर्गातल्या पोरांना हे सांगू नका, मी त्यांना विज्ञान शिकवते. पण लागतो खरा! शेवटच्या वेचणीचा कापूस ठासून भरलेल्या गाड्या भैंशा गावच्या जिनिंगकडं निघतात, सडकेच्या कडेच्या फांद्या त्यांना घासतात आणि काट्याकाट्यावर पांढरे पुंजके लटकून राहतात. आदिलाबादहून बसनं गावाकडं जाताना मी खिडकीशी बसून ते बघते. शेजारची बाई झोपलेली असते, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून तेलुगूत कोणाशी तरी भांडत असतो, आणि माझ्या छातीत मात्र हलगी वाजायला लागते. शिवरात्र आली, जत्रा आली. आणि दर वर्षी मला तोच जुना धक्का नव्यानं बसतो.

लोक म्हणतात, धक्का एकदा बसतो, मग माणूस सावरतो. कसलं सावरतं डोंबलाचं! मी अजून सावरलेली नाही. नव्वद सालच्या त्या जत्रेत एका माणसानं एक नारळ उचलला, आणि आमच्या घरात जे उलटंपालटं झालं ते आठवलं की आजही माझं तोंड उघडंच राहतं.

इचोड्याहून आत, नेरडीगोंड्याच्या अंगाला आमचं गाव. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, आणि वडिलांच्या कचेरीत निजामानं मागं सोडलेली उर्दू. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते इचोड्याला महसुलात होते. विरासत, दाखल, मंजूर, नामंजूर हे शब्द त्यांच्या जेवणाच्या ताटातही पडायचे. भाजीत मीठ कमी असलं तर ते आईला म्हणायचे, 'नामंजूर.' त्यांचा धाकटा भाऊ संभाकाका. तो शेती करायचा, कापूस आणि ज्वारी, आणि वर्षातून एक दिवस राजा असायचा. तो दिवस शिवरात्रीच्या जत्रेचा.

काकाच्या उजव्या मनगटात चांदीचं कडं होतं. चांगलं जाडजूड, एका बाजूला चेपलेलं. ते चेपलं होतं लच्छन्नाच्या काळात, बैलानं शिंग मारलं तेव्हा. हे कडं कोणी विकत घेतलेलं नव्हतं, कोणाला बक्षीस मिळालेलं नव्हतं. ज्याच्या हातात ते असेल त्याला कुस्तीत चित करायचं, म्हणजे ते आपल्या हातात येतं. बस, एवढाच कायदा. रोज सकाळी अंगणात अंगाला तेल चोळताना काका ती सगळी साखळी म्हणायचा, आपल्याच नादात.

'पयला हुसेन वस्ताद. हुसेन वस्तादाले पाडलं लच्छन्नानं. लच्छन्नाले पाडलं गनपतबुवानं. गनपतबुवाले पाडलं म्या.'

आत चुलीजवळून गयाकाकूचा आवाज यायचा, 'झाली का आरती? आता च्या पिऊन घ्या, अन् मंग पुन्ना पाडा एकेकाले.'

गयाकाकू म्हणजे काकाची बायको. तिला कुस्तीचा भयंकर तिटकारा. जत्रेला यायची ती बांगड्या घ्यायला, आणि कुस्त्या सुरू झाल्या की बैलबंडीत तोंड फिरवून बसायची. तेलाचे डाग निघत नाहीत म्हणून तिनं काकाची एक वेगळी गोधडीच करून टाकली होती. 'हे पांघरून पयलवानाचं, बाकीचे मानसाचे,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. काका मिशीत हसायचा. दोघांचं असं रोज चालायचं आणि रोज ऐकूनही आम्हाला त्याचा कंटाळा येत नसे.

आता नानांचं वेड सांगते. माणूस महसुलातला, अंगानं काडीपैलवान, आणि वेड कशाचं, तर बॉक्सिंगचं! हैदराबादला शिकताना लागलं म्हणे. इचोड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं शहरातून जुनी इंग्रजी मासिकं यायची, ती नाना घेऊन यायचे आणि संध्याकाळी ओसरीवर काकाला वाचून दाखवायचे. काका हुरडा चोळत ऐकायचा. हिरवी ज्वारी, गुळाचा खडा, गोवऱ्यांचा धूर, आणि त्यात अमेरिकेतल्या कोणाचं तरी नाक फुटलेलं. माझं दहावीचं वर्ष होतं, पुस्तक पुढ्यात असायचं, पण कान तिकडं.

'तिकडं कडं देते का?' काकानं एकदा विचारलं.

'कडं नाही, कमरेचा पट्टा असतो,' नाना म्हणाले.

'मंग कोन देते थो?'

'हीच तर भानगड आहे, संभा. तीन दफ्तरं आहेत. प्रत्येकाचा आपला पट्टा, आपला कायदा. एकाच वजनात एकाच वेळी तीन जगज्जेते असू शकतात.'

काकाच्या हातातला हुरडा तसाच राहिला. 'तीन? जग तं एकच हाय ना, नाना?'

मग नाना रंगात आले. एखाद्या विजेत्यानं दफ्तराचं ऐकलं नाही, त्यांनी सांगितलेल्या माणसाशी तो लढला नाही, की दफ्तर त्याचा किताब घरबसल्या काढून घेतं. त्याला कोणी पाडलेलं नसतं, पण कागदावर तो विजेता राहत नाही. मग जागा रिकामी झाली म्हणून दुसऱ्या दोघांना लढवतात, आणि जो जिंकेल त्याला पट्टा बांधतात. काका हे ऐकून इतका भडकला की खाटेवरून उठून उभा राहिला. 'अरे, पाडल्याबिगर कसा काढते? हात लावून दाखवावं ना कोनी माह्या कड्याले!'

'म्हणून तर जाणकार लोक दफ्तराचं मानत नाहीत,' नाना म्हणाले. 'ते बघतात, विजेत्याला कोणी हरवलं. ज्यानं हरवलं तो विजेता. त्याला ज्यानं हरवलं तो पुढचा. सरळ वंशावळ. कोणाची सही लागत नाही, शिक्का लागत नाही.'

'म्हंजे आपल्या कड्यावानी.'

'अगदी आपल्या कड्यासारखं.'

काका पुन्हा खाटेवर बसला. मग त्यानं जो प्रश्न विचारला तो मला तेव्हा कळला नव्हता. 'अन् कोनी पाडलंच नाही तं? पाडल्याबिगरच मेला थो, नाही तं मतारा झाला, तं?'

'मग साखळी तुटली,' नाना म्हणाले. 'ती तिथंच संपली. पुढं उरलेल्यांतले दोन सगळ्यांत चांगले लढतात, त्यातून नवी सुरू करतात. पण ती नवी. जुनी गेली.'

काकानं कड्याकडं पाहिलं आणि ते मनगटावर गोल गोल फिरवलं. त्याचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते. आणि कितीतरी वर्षांत त्याच्याशी कोणी लढलंच नव्हतं.

ते कसं, ते सांगायला हवं. आमच्या जत्रेत शेवटची कुस्ती नारळाची. देवळामागच्या आखाड्यात, ताक आणि तेल घालून भुसभुशीत केलेल्या मातीत, मधोमध लाल फडकं अंथरतात. त्यावर नारळ. त्याच्यामागं कडंवाला मांडी घालून बसतो. हलगीवाला वाजवत तीन फेऱ्या मारतो. या वेळात जो नारळ उचलेल त्यानं कड्याला आव्हान दिलं. आणि एकदा उचललेला नारळ खाली ठेवता येत नाही, काही झालं तरी नाही. तो देवाला बोललेला शब्द. पण काकाचा दरारा असा, आणि गावाचा त्याच्यावर जीव असा, की पोरं नारळाकडं बघायचीच नाहीत. तीन फेऱ्या व्हायच्या, लोक टाळ्या वाजवायचे, कमिटीचा अध्यक्ष नारळ फोडायचा, खोबरं वाटायचा. काका हात जोडून उठायचा. सगळे खूश. काकाच तेवढा खूश नसायचा, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी शिवरात्रीच्या थोडं आधी जपानातून बातमी आली. तिन्ही दफ्तरांचे तिन्ही पट्टे एकट्याच्या कमरेला असलेला, ज्याला आजवर कोणी हरवू शकलं नव्हतं असा तो जगज्जेता, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसाकडून चारीमुंड्या चित झाला! नाना दुपारच्या बसनं आलेलं वर्तमानपत्र हातात फडकवत धावत आले. धोतर सावरायचं भान नाही. 'संभा! अरे संभा! पडला!' काकाला वाटलं आमचा बैल विहिरीत पडला. तो गोठ्याकडं पळाला, नाना त्याच्यामागं, आणि आई त्या दोघांच्यामागं. बैल बिचारा रवंथ करत उभा.

खरा धक्का दुसऱ्या दिवशीच्या पेपरात होता. तीनपैकी दोन दफ्तरांनी निकाल मानायला नकार दिला. कारण काय, तर आधीच्या एका फेरीत तो जिंकणारा माणूस स्वतःच पडला होता आणि पंचानं आकडे सावकाश मोजले. नीट मोजले असते तर तो तेव्हाच बाद झाला असता, म्हणे. मी माझ्या शांत वडिलांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं.

'हरामखोर!' ते ओरडले. 'सगळ्या जगानं बघितलं, माणूस मातीत पडला. आणि हे खुर्चीत बसून म्हणतात, नामंजूर! पडला तो पडला. मोठा माणूस पडला की यांना नियम आठवतात!'

काका म्हणाला, 'बराबर हाय तुयं, नाना.'

पुढं थोड्याच दिवसांत त्या दफ्तरांना लोकांच्या संतापापुढं नाक घासून निकाल मानावा लागला. नानांनी त्या दिवशी आईकडून शिरा करवून घेतला. शिऱ्यावरचं तूप आणि नानांचं ते विजयी तोंड मी विसरलेली नाही. कारण लगेच जत्रा आली.

जत्रेच्या आदल्या दिवशी सडकेवर एक ट्रक बंद पडला होता. हरियाणाकडचा ड्रायव्हर, हैदराबादला माल घेऊन चाललेला. इचोड्याच्या मिस्त्रीनं चाकांचा धुरा बदलला आणि म्हणाला, नवा धुरा आहे, निघायच्या आधी चाकापुढं नारळ फोड. इचोड्यातले नारळ जत्रेसाठी उठून गेलेले. कोणीतरी म्हणालं, आत गावात जत्रा आहे, तिथं मिळेल. तो बिचारा ट्रॅक्टरवर बसून आला. आमच्या दुकानदारांकडंही नारळ संपलेले. तो फिरत फिरत देवळामागं आला, गर्दीतून वाट काढली, आणि त्याला काय दिसलं? लाल फडक्यावर ठेवलेला एक नारळ आणि त्याच्यामागं मांडी घालून बसलेला माणूस.

त्याला वाटलं, दुकान आहे.

देवाशप्पथ! मी बंडीत उभी राहून बघत होते. हलगीची दुसरी फेरी चालू होती. एक उंच माणूस लुंगी सावरत आत शिरला, त्यानं काकाला नमस्कार केला, खिशातून पाचाची नोट काढून फडक्यावर ठेवली आणि नारळ उचलून चालायला लागला.

हलगी थांबली. हलगीवाल्याचा हात वरच राहिला. इतकी माणसं, पण मला शेजारच्या बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. तो माणूसही थांबला. त्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि सगळी जत्रा आपल्याकडं डोळे फाडून बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं. 'कम है क्या जी?' तो म्हणाला आणि आणखी एक नोट काढली.

लोकांनी त्याला समजावलं, तेव्हा तो हादरलाच. नारळ खाली ठेवायला वाकला तर दहा जणांनी ओरडून त्याचा हात धरला. त्याचं नाव रामफल. आमच्या लोकांनी लगेच त्याचं रामफळ केलं, आणि त्या तसल्या वेळीही बाया पदराआड हसल्या. 'छोटेपन में लड़ते थे जी, गाँव में,' तो पुन्हा पुन्हा सांगत होता, 'अब तो बस गाड़ी चलाते हैं.'

आणि मी काकाकडं पाहिलं. तो उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला मी तेव्हा भीतीच समजले. आनंद होता तो, निव्वळ आनंद! 'देव पावला बापा,' काका म्हणाला आणि त्यानं सदरा काढला.

कुस्ती मी सगळी पाहिली नाही, अर्धी डोळे झाकून होते. सुरुवातीला काकानं त्याला असा खाली घेतला की लोक 'चित! चित!' म्हणून नाचायला लागले. पण पंच त्या वेळी नेमका एका पोराला आखाड्याबाहेर हाकलत होता. त्यानं वळून पाहिलं तोवर रामफल पालथा झालेला. मग कितीतरी वेळ नुसती माती, घाम आणि दोघांचे फुसफुस श्वास. काकाचा डावा गुडघा वळला ते मला इतक्या लांबून दिसलं. मी किंचाळले, 'काका!' रामफलनं त्याला कमरेत धरून उचललं आणि पाठीवर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. काकाचे दोन्ही खांदे मातीला लागले आणि तो तसाच पडून आभाळाकडं बघत राहिला.

कोणी टाळी वाजवली नाही. रामफल स्वतःच घाबरून बाजूला झाला. आणि मग मी आयुष्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट पाहिली. नाना उठले. ते कमिटीचे सेक्रेटरी होते. शिकलेले, म्हणून दर वर्षी निकाल तेच पुकारायचे. ते आखाड्यात उतरले, घसा खाकरला आणि म्हणाले, 'हा निकाल नामंजूर.'

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

'पहिल्या डावात याचे खांदे लागले होते,' नाना म्हणाले, 'पंचाचं लक्ष नव्हतं. दुसरं म्हणजे, यानं नारळ आव्हान म्हणून उचललाच नाही, विकत घेतला. पैसे ठेवलेले आहेत, सगळ्यांनी बघितलं. तेव्हा ही कुस्ती दाखल करता येत नाही. कडं संभाकडंच राहील.'

आणि लोक? लोकांनी जल्लोष केला! अध्यक्षानं नानांच्या पाठीवर थाप मारली. मी बंडीचा दांडा घट्ट धरून उभी होते. माझा बाप! ज्यानं शिरा खाल्ला तो माझा बाप! भावावरच्या मायेनं बोलत होता, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त लाज वाटली, कान तापेपर्यंत.

काका उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. मिशीतली माती झटकली. त्याचा आवाज चढलेला नव्हता. 'नाना, त्या जपानातल्याले तू काय मनला होता?'

नाना फडक्यावरच्या नोटेकडं बघत राहिले.

'पडला थो पडला, असं मनला होता ना? माहे खांदे लागले. माती पाह्य ना, अजून पाठीले हाय.' काकानं वळून सगळ्यांना पाठ दाखवली. 'अन् त्याचे लागले होते, तं म्या सोडला काऊन? मले मालूम हाय, एक खांदा वर होता. आता तुमी मनता हे कडं ठेव. ठेवतो. मंग उद्या मी मरन, अन् हे पेटीत जाईन. मंग हुसेन वस्तादाचं काय झालं? लच्छन्नाचं काय झालं? माह्या हातानं तोडून टाकू का म्या समदं?'

कडं निघेना. इतक्या वर्षांत मनगट भरलं होतं. काका मातीत बसला, तेल मागवलं, आणि सगळी जत्रा बघत असताना तो ते कडं ओढत राहिला. कातडं सोललं. शेवटी निघालं. आजवर जिंकणाऱ्याच्या हातात कडं कमिटीचा अध्यक्ष घालायचा. अध्यक्ष तोंड फिरवून उभा होता. मग काकानंच रामफलचा हात धरला आणि कडं त्याच्या मनगटात चढवलं. रामफल ढसाढसा रडायला लागला. 'मुझे तो नारियल चाहिए था जी,' तो म्हणत होता. काकानं नारळही त्याच्या हातात दिला, पाचाची नोट परत त्याच्या खिशात घातली, आणि मग लंगडत बंडीकडं आला. गयाकाकू तिथंच होती. त्या दिवशी तिनं तोंड फिरवलेलं नव्हतं.

गाव पेटून उठलं. गावाची इज्जत ट्रकवाल्याला दिली, संभाचं डोकं फिरलं, असं काय काय. पुढच्या वर्षी कमिटीनं वर्गणी काढून नवं कडं केलं, दोन पोरं लढवली आणि जिंकलेल्याला ते घातलं. अध्यक्षाशी वाकडं असलेल्या लोकांनी शेजारच्या गावात दुसरं कडं काढलं. मग भैंशाकडच्या एका कापूसवाल्यानं तिसरं, सगळ्यांत जड. झाली की नाही आमचीही तीन दफ्तरं! प्रत्येक जत्रेत आपापला विजेता, आणि एकाची दुसऱ्याशी कुस्ती म्हणून होऊ देत नाहीत. नाना हे बघत राहिले. बॉक्सिंगची मासिकं त्यांनी आणणं बंद केलं. दोघे भाऊ एका ओसरीवर बसायचे, हुरडा चोळायचे, पावसापाण्याचं बोलायचे.

आणि काकाची ती सकाळची आरती बंद झाली. तेल चोळायचा, पण मुकाट. मनगटावर कातड्याचा एक पांढरा पट्टा राहिला होता. मला आठवतं, त्या जत्रेनंतर कितीतरी सकाळी गयाकाकू चुलीशी मधेच थांबायची, फुंकणी हातात धरून अंगणाकडं कान द्यायची. काहीच ऐकू आलं नाही की पुन्हा फुंकर मारायची. च्या झाला म्हणून हाक मारायची, त्यात थट्टा नसायची. तिचं गप्प राहणं मला काकाच्या गुडघ्यापेक्षा जास्त लागायचं.

मी शिकले, नोकरीला लागले, आदिलाबादला आले. पण सवय अशी लागली की इचोड्याच्या ढाब्यावर बस थांबली की ड्रायव्हर लोकांचे हात बघायचे. बाईमाणसानं असं टक लावून बघणं बरं दिसतं का! नवऱ्यानं एकदा विचारलंच, काय शोधतेस म्हणून. सांगितलं तर तो हसला. म्हणाला, एव्हाना वितळवून पैंजण झाले असतील त्याचे. मलाही तसंच वाटायचं.

मग नव्वदीच्या शेवटाकडं एका शिवरात्रीला मी माहेरी गेले होते. दुपारची वेळ. काका अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा फोडत होता, म्हातारा दिसायला लागला होता. नाना निवृत्त झाले होते, चष्मा पुसत होते. गयाकाकू आत भाकरीचं पीठ मळत होती. फाटकाशी एक तगडा माणूस येऊन उभा राहिला. 'राम राम. वो नारियल रखनेवाला गाँव यही है क्या?'

त्यानं राम रामसाठी हात जोडले आणि मला त्याचं मनगट दिसलं. एका बाजूला चेपलेलं कडं!

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. काका खाटेवरून उठायला गेला आणि पुन्हा बसला. शेंगा अंगणभर सांडल्या. शेवटी नानांनी त्याला बसायला सांगितलं.

तो बैतूलकडचा. किसनलाल. भैंशाला सरकीचा माल भरायला त्याची गाडी आली होती, तिथून विचारत विचारत आला होता. 'ये मैंने जबलपूर के छोटेलाल को चित करके लिया,' तो म्हणाला. 'छोटेलालने रामफल ड्रायव्हर को चित किया था. जो हारता है वो अपने हाथ से पहनाता है. यही कायदा है इसका. रामफल कह गया था, जिसके पास आए वो एक बार उस गाँव में जाके नारियल के पीछे बैठे.' त्यानं मनगटावरचं कडं फिरवलं. 'अब मेरी भी उमर हो रही है. सोचा, बैठ जाऊँ.'

ना कमिटी, ना सेक्रेटरी. कोणीही मंजूर न केलेली ती साखळी, कुठल्या कुठल्या सडकांवरून, चालतच राहिली होती! मी काकाकडं बघितलं. तो कड्याकडं बघत होता, तान्ह्या लेकराकडं बघावं तसा.

नाना पुढं सरकले. 'और रामफल ने? रामफल ने किससे लिया था?'

'नाम तो किसी को नहीं मालूम, साब,' किसनलाल म्हणाला. 'रामफल को भी नहीं था. कहता था, भीड़ में एक लड़की चिल्लाई थी, काका. बस. कोई काका था. उसके पहले का कुछ पता नहीं.'

माझी किंकाळी! एवढी सगळी साखळी, आणि तिच्या पहिल्या कडीला नाव म्हणून माझी एक किंकाळी! नानांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्यांनी त्या दिवशी नामंजूर म्हटलं होतं, त्यांना आता ते नाव उच्चारता येईना. आणि काका मान खाली घालून एकेक शेंग वेचायला लागला. तो स्वतः सांगणार नाही, हे मला दिसत होतं. तो म्हणाला, 'असू दे ना बापा. कोनी होता मनायचं.'

'असू दे?'

गयाकाकू दारात उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. 'काऊन असू दे? नाव नाही काऊन?' ती अंगणात आली, सरळ त्या परक्या माणसासमोर, डोक्यावरचा पदरही सावरला नाही तिनं. 'आयका, भाऊ. पयला हुसेन वस्ताद. हुसेन वस्तादाले पाडलं लच्छन्नानं. हे चेपलेलं हाय ना, थे लच्छन्नाच्या टायमाचं, बैलानं शिंग मारलं होतं. लच्छन्नाले पाडलं गनपतबुवानं. गनपतबुवाले पाडलं यायनं.' नवऱ्याचं नाव कधी तोंडातून न काढलेली ती बाई एवढ्यावर अडली. किसनलाल वाट बघत होता. काकूनं डोळे मिटले. 'संभानं,' ती म्हणाली. 'संभाजी नाव हाय यायचं. अन् संभाले पाडलं तुमच्या रामफळानं. मी होती तती. म्या पाह्यलं माह्या डोयानं.'

काकाच्या हातातली शेंग हातातच राहिली. तो बायकोकडं असा बघत होता की जणू ही कोण बाई, आज पहिल्यांदाच भेटते आहे.

किसनलाल तिच्यामागून म्हणायला लागला. 'हुसेन वस्ताद. फिर लच्छन्ना. फिर संभाजी...'

'मधी गनपतबुवा राह्यला ना!' काकू त्याच्यावर खेकसली आणि पिठाचा हात झटकला. 'असं अर्धंमुर्धं नाही चालत. चला, पयल्यापासून मना.'